कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ: संविधानात कोणाची सत्ता कुठपर्यंत?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. केंद्राच्या नोकऱ्यांत आणि शिक्षणात अनुसूचित जातीचे म्हणून मिळणारे आरक्षण मात्र त्यांना १९९० मध्ये मिळाले. मधली जवळजवळ चौतीस वर्षे मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, खटले लढवले गेले. महाराष्ट्र शासनाने राज्य स्थापन झाल्यावर आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या. पण केंद्राचे दार बंदच राहिले. इतका काळ का लागला, याचे राजकीय उत्तर सगळ्यांना पाठ आहे. घटनात्मक उत्तर तितके माहीत नसते. ते माहीत असले की संविधानाने सत्ता कशी वाटली आहे, हे बरेचसे समजते.

अनुच्छेद ३४१ म्हणतो, की कोणत्या जाती अनुसूचित हे राष्ट्रपती आदेशाने जाहीर करतील. तसा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला आणि त्याच्या परिच्छेद ३ मध्ये हिंदू धर्माची अट होती. राष्ट्रपतींचा आदेश म्हणजे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निघालेला आदेश, म्हणजेच कार्यकारी मंडळाचे काम. पण एकदा आदेश निघाला की कार्यकारी मंडळाचा हात तिथेच थांबतो. पुढे त्या यादीत कोणाला घालायचे किंवा वगळायचे ते फक्त संसद कायदा करून ठरवू शकते. पंतप्रधान मनात आणले तरी सहीने ते करू शकत नाहीत, आणि राज्य सरकारचा तर प्रश्नच नाही.

न्यायालयात काय झाले? १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपुरातील राखीव जागेवरून निवडून आलेल्या डॉ. मेश्राम यांच्या निवडीला आव्हान मिळाले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असा आक्षेप होता. ‘पंजाबराव विरुद्ध मेश्राम’ या नावाने गाजलेल्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आक्षेप मान्य केला. अस्पृश्यता धर्मांतराने एका रात्रीत संपत नाही, हे न्यायाधीशांना कळत नसेल असे नाही. पण आदेशात शब्द ‘हिंदू’ होता आणि शब्द बदलणे त्यांचे काम नव्हते. अखेर व्ही. पी. सिंग यांचे सरकार असताना, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या तोंडावर, संसदेने परिच्छेद ३ दुरुस्त करून त्यात बौद्धांचा समावेश केला. शिखांसाठी तीच दुरुस्ती १९५६ मध्येच झाली होती.

हीच गोष्ट उपवर्गीकरणाच्या वादातही आहे. २००४ मध्ये ‘चिन्नय्या’ निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की यादीत पोटभाग पाडणे म्हणजे यादीशी छेडछाड, आणि तो अधिकार संसदेचा. १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल फिरवला. राज्यांना उपवर्गीकरण करता येईल, त्याने ३४१ ला धक्का लागत नाही, असे ठरवले. विरोधी मत न्या. बेला त्रिवेदी यांचे होते आणि त्यांचा मुद्दा नेमका सत्तेच्या वाटणीचा होता. निकाल पटो वा न पटो, चर्चा मात्र अर्धवट झाली. त्याच निकालपत्रात चार न्यायाधीशांनी क्रीमी लेयरबद्दल मते मांडली आणि समाजमाध्यमांवर ‘क्रीमी लेयर लागू झाला’ असा गलका झाला. न्यायाधीशाचे मत आणि न्यायालयाचा आदेश यांत फरक असतो. काही दिवसांतच केंद्रीय मंत्रिमंडळाने संविधानात अनुसूचित जातींसाठी तशी तरतूद नाही, असे सांगितले.

बाबासाहेबांना हवी होती ती रचना

माँटेस्क्यू या फ्रेंच विचारवंताने १७४८ मध्ये मांडले, की कायदा करणारा, तो राबवणारा आणि त्यावरून न्याय देणारा एकच असेल तर नागरिकाचे स्वातंत्र्य उरत नाही. अमेरिकेने हे तत्त्व सर्वांत कडकपणे स्वीकारले. तिथे अध्यक्ष काँग्रेसचा सदस्य नसतो, त्याचे मंत्रीही नसतात आणि बहुमत गेले म्हणून अध्यक्ष पडत नाही.

आपल्या संविधान सभेतही तशी मागणी झाली होती. अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी तिन्ही अंगे पूर्णपणे वेगळी ठेवणारे नवे कलम सुचवले. १० डिसेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिले. न्यायमंडळ आणि कार्यकारी मंडळ वेगळे असावे याबद्दल वादच नाही, असे ते म्हणाले. पण मंत्र्यांना कायदेमंडळाबाहेर काढणे त्यांना मान्य नव्हते. आधुनिक कायदेमंडळाचे काम इतके गुंतागुंतीचे असते, की सभागृहात बसलेल्या मंत्र्यांच्या मार्गदर्शनाशिवाय ते चालणे कठीण, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याआधी ४ नोव्हेंबरला मसुदा मांडतानाच त्यांनी सांगितले होते, की अमेरिकी पद्धत स्थैर्य जास्त देते, संसदीय पद्धत जबाबदारी जास्त देते, आणि मसुद्याने जबाबदारीला पसंती दिली आहे. प्रश्न, स्थगन प्रस्ताव, अविश्वास ठराव यांतून सरकारचा हिशेब रोज घेता येतो. निवडणुकीपर्यंत थांबावे लागत नाही. शहांची सूचना फेटाळली गेली. अनुच्छेद ७५ मध्ये मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहिले.

आपल्या कार्यकर्त्यांच्या भाषणांत बहुधा इथेच पूर्णविराम येतो. परंतु दीड-दोन वर्षे मागे गेले तर वेगळे चित्र दिसते. मार्च १९४७ मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. त्यात ब्रिटिश पद्धतीचे मंत्रिमंडळ नाही. पंतप्रधान संपूर्ण सभागृहाने एकल संक्रमणीय मताने निवडायचा. अल्पसंख्याकांचे मंत्री त्या-त्या अल्पसंख्याक गटाच्या सदस्यांनी निवडायचे, तर बहुसंख्याक समाजाचे मंत्री संपूर्ण सभागृहाने. आणि कायदेमंडळाची मुदत संपेपर्यंत हे सरकार हटवता येणार नाही. म्हणजे अमेरिका आणि ब्रिटन या दोहोंपेक्षा वेगळा, स्वित्झर्लंडच्या जवळ जाणारा मार्ग.

कारण काय? ब्रिटनमध्ये आजचे अल्पमत उद्या बहुमत होऊ शकते, कारण तिथली मते राजकीय असतात. भारतात बहुमत जन्माने ठरते. ज्याचे बहुमत कधी बदलणारच नाही, त्याच्या हाती संसदीय पद्धतीने कार्यकारी सत्ता दिली तर अस्पृश्यांना मंत्रिमंडळात जागा मिळेल ती त्या बहुमताच्या मर्जीची. तिथे गेलेला माणूस आपल्या लोकांना नव्हे, तर नेमणाऱ्याला बांधील राहील. पुणे कराराने राखीव जागांचे जे केले, त्याचा अनुभव या तरतुदीमागे होता हे उघड आहे.

१९४७ चे बाबासाहेब एका समाजाचे वकील म्हणून लिहीत होते. १९४८ चे बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून सभेने ठरवलेल्या आराखड्याची बाजू मांडत होते. दोन्ही भूमिका त्यांच्याच आहेत, पण एकच समजून वापरू नयेत. संसदीय पद्धतीचे गोडवे गाताना १९४७ चा इशारा विसरला, की आजच्या मंत्रिमंडळांतील ‘आपल्या’ मंत्र्यांचे मौन समजत नाही.

संघाचा दाखला इथे द्यायला हवा, कारण २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनीच तो दिला: संसदीय कामकाजाचे नियम बौद्ध भिक्खू संघाला माहीत होते. विनयपिटकात ठराव मांडण्याची ज्ञप्ति आहे, शलाका वाटून मतदान आहे, गणपूर्ती आहे. शलाका गोळा करणारा भिक्खू संघ निवडत असे, आणि तो छंद, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा असावा अशी अट होती. मत मोजणारा पक्षपाती नसावा, ही गोष्ट आपल्या परंपरेला निवडणूक आयोगाच्या कितीतरी आधी सुचली होती.

जिथे वाटणी अर्धवट राहिली: तहसीलदार, प्रांत आणि पोलीस

ब्रिटिश काळात जिल्हाधिकारी महसूल वसूल करायचा, पोलिसांवर देखरेख ठेवायचा आणि फौजदारी खटलेही चालवायचा. मसुद्यात बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये नवे कलम आणले: राज्याने तीन वर्षांच्या आत न्यायव्यवस्था कार्यकारी व्यवस्थेपासून वेगळी करावी. दुसऱ्याच दिवशी तीन वर्षांची मुदत काढून टाकण्यात आली, कारण संस्थानांसकट सगळीकडे इतक्या लवकर ते जमणार नाही असे मत पडले. हेच आजचे अनुच्छेद ५०. मुंबई राज्याने १९५१ मध्येच त्यासाठी कायदा केला. देशभर बदल झाला तो नवी फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाल्यावर. न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली गेले.

पण सगळे गेले नाहीत. कार्यकारी दंडाधिकारी नावाचा एक वर्ग राहिला आणि कार्यकर्त्यांची गाठ सर्वाधिक त्याच्याशीच पडते. मोर्च्याआधी किंवा जयंतीच्या आदल्या आठवड्यात येणारी ‘चॅप्टर केस’ची नोटीस न्यायाधीशाची नसते. जुन्या संहितेतील कलम १०७, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १२६, याखाली ती तहसीलदार किंवा प्रांत अधिकारी काढतो. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत हा अधिकार सहायक पोलीस आयुक्ताला दिलेला असतो. म्हणजे अहवाल पोलीस ठाण्याचा आणि बंधपत्र घ्यायचे की नाही ते ठरवणाराही पोलीसच. जमावबंदीचा आदेशही, पूर्वीचे १४४ आणि आताचे १६३, याच व्यवस्थेतून निघतो.

तडीपारी त्याहून जड. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ खाली एखाद्याला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येते. त्यासाठी गुन्हा सिद्ध होण्याची गरज नसते आणि साक्षीदारांची नावेही उघड होत नाहीत. त्यापूर्वी कलम ५९ ची नोटीस देऊन म्हणणे ऐकावे लागते, ही एक जमेची बाजू. आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते, पण कोणाकडे? राज्य शासनाकडे. कार्यकारी मंडळाच्या एका टेबलावरचा आदेश दुसऱ्या टेबलावर तपासला जातो. खरा न्यायाधीश भेटतो तो अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका केल्यावर. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील असाच एक आदेश रद्द करताना स्पष्ट केले, की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, आणि पूर्ण दोन वर्षांची मुदत द्यायची तर त्यामागचा विचार आदेशातून दिसला पाहिजे. ‘सामाजिक कार्यकर्ता’ आणि ‘उपद्रवी’ यांतला फरक ठाण्याच्या नोंदवहीत किती सहज पुसला जातो, हे वस्त्यांतल्या पोरांना सांगायला नको. म्हणून नोटिशीवर सही करण्यापूर्वी ती कोणाची आहे, कोणत्या कलमाखाली आहे आणि म्हणणे मांडण्याची तारीख कोणती, हे बघावे आणि वकील गाठावा.

न्यायालय विरुद्ध संसद: ऍट्रॉसिटीचा अनुभव

संसद कायदा करते. तो मूलभूत हक्कांच्या विरोधात गेला तर अनुच्छेद १३ खाली न्यायालय तो रद्द ठरवते. हक्कभंग झाला तर अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते, आणि याच अनुच्छेदाला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा मानले. पण न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूनेच येईल असे संविधानाने कुठेही लिहिलेले नाही. एप्रिल १९५१ मध्ये ‘चंपकम दोराईराजन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्रास राज्यातील महाविद्यालयीन प्रवेशांचे जातनिहाय वाटप रद्द केले. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि अनुच्छेद १५(४) आला. आज शिक्षणात जे आरक्षण आहे, त्याचा पाया संसदेने न्यायालयाला दिलेल्या त्या उत्तरात आहे.

मग संसदेला सगळेच बदलता येते का? २४ एप्रिल १९७३ रोजी ‘केशवानंद भारती’ खटल्यात तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने ‘नाही’ म्हटले. संविधानाच्या मूलभूत संरचनेला हात लावता येणार नाही. दोनच वर्षांत याची कसोटी लागली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केल्यावर ३९ व्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढण्यात आली. नोव्हेंबर १९७५ मध्ये, ऐन आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. एका विशिष्ट खटल्याचा निकाल संसदेने लावणे म्हणजे न्यायमंडळाची खुर्ची बळकावणे.

२०१८ मध्ये उलट घडले. खुर्ची ओलांडली ती न्यायालयाने. कऱ्हाडच्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातील शेऱ्यांवरून सुरू झालेल्या प्रकरणात, २० मार्च २०१८ रोजी दोन न्यायाधीशांच्या पीठाने ऍट्रॉसिटी कायद्याला नव्या अटी जोडल्या. शासकीय कर्मचाऱ्याला अटक करायची तर नेमणूक अधिकाऱ्याची लेखी परवानगी, इतरांसाठी जिल्हा पोलीस प्रमुखाची. गुन्हा नोंदवण्याआधी उपअधीक्षकाकडून प्राथमिक चौकशी. आणि अटकपूर्व जामिनावरील बंदी सैल. कायद्यात यातले काहीच नव्हते. २ एप्रिलला भारत बंद झाला आणि त्यात माणसे मेली. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घालून चौकशीची आणि परवानगीची अट काढून टाकली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने पुनर्विचार याचिकेवर आधीचे निर्देश मागे घेतले; असे निर्देश म्हणजे कायदेमंडळाच्या क्षेत्रात शिरकाव, असे त्यांनीच मान्य केले. त्या पीठावर न्या. भूषण गवई होते. १० फेब्रुवारी २०२० रोजी कलम १८-अ वैध ठरले. मात्र सकृद्दर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर अटकपूर्व जामीन मिळू शकतो, हा दरवाजा न्यायालयाने उघडा ठेवला. जिल्हा न्यायालयात आरोपीचे वकील रोज याच दरवाजातून आत येतात, म्हणून फिर्यादीतील घटनेचा तपशील, जातीचा उल्लेख आणि साक्षीदार यांना इतके महत्त्व आहे.

वटहुकूम आणि अध्यक्षांची खुर्ची

सभागृह चालू नसताना राष्ट्रपती किंवा राज्यपाल वटहुकूम काढू शकतात. कार्यकारी मंडळाला कायदा करण्याची ही उसनी सत्ता. बिहारने ती उसनवारी कायमची करून टाकली होती. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी कागदपत्रे चाळून दाखवले, की १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले. काही तर जवळजवळ चौदा वर्षे! त्यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा घटनाबाह्य ठरवली. एका संशोधकाने ग्रंथालयात बसून केलेले हे काम अनेक मोर्च्यांइतके मोलाचे आहे.

पक्षांतरबंदी कायद्यात, म्हणजे १९८५ च्या दहाव्या अनुसूचीत, न्यायनिवाडा करणारा विधानसभा अध्यक्ष स्वतः एका पक्षाचा असतो. महाराष्ट्राने याचा परिणाम पाहिला आहे. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे योग्य नव्हते असे म्हटले, पण अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडेच ठेवला. तो आला जानेवारी २०२४ मध्ये.

न्यायाधीश कोण नेमतो?

संविधान सभेत सूचना आली होती, की न्यायाधीशांची नेमणूक सरन्यायाधीशांच्या संमतीनेच व्हावी. २४ मे १९४९ रोजी बाबासाहेबांनी ती नाकारली. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी शेवटी माणूस. त्यांनाही भावना आणि पूर्वग्रह असतात, म्हणून त्यांना नकाराधिकार देणे धोक्याचे. नुसत्या सरकारच्या हाती द्यायलाही ते तयार नव्हते. त्यांनी मधला मार्ग काढला: राष्ट्रपतींनी सल्लामसलत करून नेमणूक करावी.

१९९३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ‘सल्लामसलत’ या शब्दाचा अर्थ जवळजवळ ‘संमती’ असा लावला आणि न्यायवृंद पद्धत, म्हणजेच कॉलेजियम, जन्माला आली. संसदेने ९९ व्या दुरुस्तीने नेमणूक आयोग आणला. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक मताने तो रद्द झाला. सरकारचा हात दूर ठेवणे हे कारण समजण्यासारखे आहे. पण बाबासाहेबांनी नाकारलेली गोष्ट मागच्या दाराने आली, हेही नाकारता येत नाही.

त्याची किंमत कोणी मोजली ते आकडे सांगतात. सर्वोच्च न्यायालयात अनुसूचित जातीचे पहिले न्यायाधीश, न्या. ए. वरदराजन, १९८० मध्ये आले. न्या. के. जी. बालकृष्णन २००७ मध्ये पहिले दलित सरन्यायाधीश झाले. ते मे २०१० मध्ये निवृत्त झाल्यानंतर मे २०१९ मध्ये न्या. गवई येईपर्यंत, नऊ वर्षे, तिथे अनुसूचित जातीचा एकही न्यायाधीश नव्हता. अमरावतीचे न्या. गवई १४ मे २०२५ रोजी पहिले बौद्ध सरन्यायाधीश झाले आणि संसद की न्यायालय या प्रश्नावर ‘संविधान सर्वोच्च’ असे जाहीरपणे म्हणाले.

उच्च आणि सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकांना आरक्षण नाही. जिल्हा पातळीवर चित्र वेगळे आहे: महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाची परीक्षा एमपीएससी घेते आणि तिथे अनुसूचित जातींसाठी जागा राखीव असतात. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. कायद्याची पदवी घेऊन थेट परीक्षेला बसण्याच्या बेतात असलेल्या आपल्या मुलामुलींनी सनद लवकर काढून कोर्टात उभे राहायला सुरुवात करावी. वर्षे नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात.